खंडेनवमीला धुतलेली हार्डडिस्क

गेणभाऊचा उजवा हात कोपरात सरळ होत नाही. लग्नाचं शूटिंग तो डाव्या हातानं करतो, आणि नवरीकडची बायामाणसं हसली की त्यांच्यावर खेकसतो. त्याचा तो हात कोणी मोडला, हे त्यानं पोलिसांना सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही आणि मलाही कितीतरी दिवस सांगितलं नाही. मला ते कळलं, पण त्याआधी मी त्याला भर गल्लीत बुकलून काढला होता. माझी खोपडी अशीच आहे राव, आधी हात उठतो आणि मग अक्कल येते.

मी सुदर्शन. आमचं आणि गेणभाऊचं घर शिनोलीत एकाच गल्लीत, आणि घोडेगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दुकानासमोरच गेणभाऊचा व्हिडिओ स्टुडिओ होता. त्याचा कॉम्प्युटर मीच जोडून दिलेला. दोन हजार चार साली त्याच्याकडून एका लग्नाची फिल्म उडाली, तेव्हा नवरीच्या मामानं मांडवात त्याच्या कानफटात दिली. तेव्हापासून गडी सुधारला. मी त्याला बाहेरून जोडायची हार्डडिस्क आणून दिली आणि बॅकअप घ्यायला शिकवलं. कितीही दमून आला तरी त्या दिवसाची कॅसेट कॉम्प्युटरात उतरवायची, हार्डडिस्कवर बॅकअप टाकायचा आणि मगच जेवायचं. ही त्याची शिस्त.

दोन हजार सहाच्या चैत्रात शेजारच्या गावच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती होत्या. घाटाच्या, म्हणजे गाडे पळवायच्या चढाच्या, कडेला गेणभाऊ कॅमेरा घेऊन उभा होता. माझा धाकटा भाऊ सोपान, त्याची आणि भगवंताची बारी, म्हणजे गाडा पळवायची पाळी, मागोमाग सुटली. भगवंत म्हणजे त्याच गावच्या सोमाजींचा एकुलता एक पोरगा, वर्षापूर्वीच लग्न झालेलं. निशाण उशिरा पाडलं, सेकंद चोरले, असं म्हणत भगवंत सोपानच्या अंगावर गेला. मग काय, दोन्हीकडची माणसं एकमेकांत घुसली. दगड आले, चाबूक आले, बैल उधळले, धुळीत कोण कोणाला हाणतंय ते दिसेना. धूळ बसली तेव्हा भगवंत पालथा पडला होता आणि त्याच्या डोक्याचा मागचा भाग फुटून आत गेला होता. दवाखान्यापर्यंत पोचलासुद्धा नाही.

सोपानच्या गाड्याच्या जुवातली एक शिवळ, म्हणजे बैलाच्या मानेशी घालतात तो लाकडी दांडका, रक्तानं माखलेली सापडली. दुसऱ्या दिवशी दुपारी आठ-दहा जण तोंडं बांधून गेणभाऊच्या स्टुडिओत घुसले. कॉम्प्युटर रस्त्यावर आपटला, कॅसेटी रॉकेल ओतून जाळल्या आणि त्याचा हात उंबऱ्यावर ठेवून पहारीनं मोडला. मी त्या दिवशी सामान आणायला पुण्याला होतो. संध्याकाळी पोलिसांनी सोपानला उचलला.

सोपान म्हणाला, शिवळ कोणीतरी माझ्या गाड्याची उपसली, मी हातसुद्धा लावला नाही. आईची शपथ घेतली त्यानं. माझा विश्वास बसला. बसणारच, पाठचा भाऊ तो. स्टुडिओ सोमाजीच्याच माणसांनी पुरावा जाळायला फोडला, हे मी छातीठोकपणे चार जणांत सांगत होतो. सहा महिने येरवड्याला खेपा घातल्या. वकील म्हणायचा, कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं दाखवा. गेणभाऊला विचारलं की तो एवढंच म्हणायचा, "माझ्याकडं काय राह्यलं न्हाई रे. समदं जळलं. हार्डडिस्कबी."

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडं ज्याच्या हाताला जे हत्यार, ते धुऊनपुसून पुजतात. विळा, कोयता, खुरपं, नांगराचा फाळ. दसऱ्याच्या दिवशी सकाळीच गेणभाऊची आई ठकूबाई पदराखाली काहीतरी झाकून आमच्या घरी आली. चेहरा चोरासारखा. पदर बाजूला केला तर हळदीकुंकवानं लडबडलेली हार्डडिस्क!

म्हातारीनं सांगितलं ते असं. यात्रेच्या रात्रीच गेणानं ही पेटी घरी आणून कपाटात तांदळाच्या डब्यामागं ठेवली होती. हाताचं हत्यार मोडलं, निदान हे तरी पुजावं म्हणून तिनं काढली. कोयत्याबरोबर हौदावर स्वच्छ धुतली, उन्हात वाळवली, हळदीकुंकू वाहिलं. मग तिला धास्ती बसली की पोरगं ओरडेल. म्हणाली, "सुदर्शना, त्याला कळायच्या आत नीट करून दे बाबा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बॅकअप होता! सहा महिने माझा भाऊ आत सडतोय आणि हा भाडखाऊ तांदळाच्या डब्यामागं त्याची सुटका दडवून बसलाय! म्हातारीला तिथंच ठेवून मी गल्ली ओलांडली आणि दात घासत उभ्या असलेल्या गेणभाऊला धरला. पहिल्या ठोशात त्याचा ओठ फाटला. पडला तर लाथा घातल्या. त्यानं एकदाही हात उचलला नाही. तोंडातलं रक्त थुंकून म्हणाला, "ती पाण्यात गेली सुदर्शन. काय निघायचं न्हाई तिच्यातनं. हिरीत टाकून दे." मला वाटलं, भ्याला. सोमाजीला भ्याला.

आता माझा शहाणपणा ऐका. मी एकट्यानं फिल्म काढली तर सोमाजी म्हणणार, भावानं कापली, जोडली. म्हणून मी त्यालाच निरोप धाडला की उद्या सकाळी घोडेगावात दुकानावर या, तुमच्या पोराला कोणी मारलं ते तुमच्या डोळ्यांनी बघा. सोमाजी आले. सत्तरीचा वाळका माणूस, सोबत दोन पुतणे, दोघांच्या हातात काठ्या.

त्यांच्यासमोर मी डिस्क जोडली. दिवा लागला, पण कॉम्प्युटरला ती दिसेचना. वायर बदलली, दुसरं भोक बघितलं, नाही. मग खोकं उघडलं. वायर बसते त्या जागी हळद घट्ट बसली होती आणि आतल्या छोट्या पट्टीला हिरवा गंज चढला होता. पण ती पट्टी म्हणजे नुसता दुवा, आतली खरी डिस्क बंद असते. ती मी सोडवली, कोरड्या ब्रशनं पुसली आणि सरळ कॉम्प्युटरच्या पोटात जोडली. पडद्यावर आलं, डिस्क फॉर्मॅट केलेली नाही, करू का? इथं भलेभले हो म्हणतात आणि सगळं गमावून बसतात. मी नाही म्हटलं, बंद करून आतली वायर बदलली. पुन्हा चालू केलं आणि डिस्क उघडली.

बॅकअपची एकच भली मोठी फाइल होती. ती परत उतरवायला लावली. बासष्ट टक्क्यांवर जाऊन अडकली, चूक आली म्हणून थांबली. पुन्हा लावली, पुन्हा बासष्टच. धाकट्या पुतण्यानं टेबलावर काठी आदळली. काच फुटली. तो म्हणाला की मी मुद्दाम थांबवतोय. मी स्क्रूड्रायव्हर मुठीत धरून उठलो. तेवढ्यात दारात गेणभाऊ दिसला, ओठ सुजलेला, धापा टाकत.

"सुदर्शन, बंद कर," तो म्हणाला. "पाया पडतो तुझ्या, बंद कर."

मी त्याला ढकलून दिला. तो भिंतीवर आपटून खाली बसला. आणि मला युक्ती सुचली. सगळा बॅकअप कशाला उतरवायचा? यादीतल्या सगळ्या खुणा काढल्या, फक्त चैत्रातल्या त्या दिवसाची ठेवली. ती सुरळीत शंभर टक्के उतरली. फिल्म लावली आणि खुर्ची सोमाजींकडं सरकवली.

धूळ होती. पण गेणभाऊ दगडावर चढून वरून शूटिंग करत होता, त्याला धुळीतनं दिसत होतं. भगवंत गुडघ्यावर बसला होता. दोन्ही हात जोडलेले. सोपाननं जुवातली शिवळ उपसली, त्याच्या मागं गेला आणि हाणली. तो पालथा पडला. सोपाननं परत हाणली. मग परत. शेवटी पाय देऊन शिवळ ओढून काढावी लागली त्याला.

मग थोरल्या पुतण्याची काठी माझ्या कानावर बसली आणि मी टेबलावर पडलो. दुसरी माझ्या डोक्यात बसली असती. मधे गेणभाऊ आला. ती त्यानं मोडक्या हातावर घेतली. मी अजून ते हाड वाजलेलं विसरलो नाही. सोमाजींनी पुतण्याची काठी धरली आणि त्याला खाली बसवला.

गेणभाऊ जमिनीवरनं मला म्हणाला, "दुकानबी सोपाननंच फोडलं. हातबी त्यानंच मोडला. तुझी आई रोज आमच्या दारावरनं देवळात जाती रे. कसं सांगू?"

मला लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

सोमाजींनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग गेणभाऊला विचारलं, "भगवंताचं लगीन हाय का यात?"

"हाय, अण्णा. म्हणून तर फेकवली न्हाई."

मी कानातलं रक्त पुसत ते लग्न उतरवलं. कपाळावर मुंडावळ्या, भगवंत लाजत हसत होता. वरातीत त्याला खांद्यावर घेऊन एकजण बेभान नाचत होता. तो सोपान होता. सोमाजींनी दोन्ही पोरं एका चौकटीत बघितली, पडद्यावर हात ठेवला आणि ओक्साबोक्शी रडले. पुतणे काठ्या टाकून बाहेर गेले.

डिस्क मी स्वतः नेऊन पोलिसांना दिली. कोर्टात मी कशी उतरवली तेही मीच सांगितलं, सोपान समोर पिंजऱ्यात असताना. त्याला जन्मठेप लागली. गेणभाऊला मी नवा कॉम्प्युटर जोडून दिला. तो माझ्याशी बोलतो, जुनं काढत नाही.

आई मात्र अजून एकच विचारते. भाकरी थापता थापता मधेच हात थांबतो तिचा. "ठकूबाईनं ती पेटी धुतली व्हती ना रे? खराब झाली व्हती ना? मग तू कशापाई नीट केलीस?"