पितळी हूक आणि जर्मन गाडी

त्या केसची आठवण निघाली की आधी माझ्या कानात एका दरवाज्याचा आवाज होतो. धाडकन नव्हे, खाटकन नव्हे. 'थप्प!' लोण्यात हात बुडवावा तसा. छत्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली, शिपायापासून ठाणेदारापर्यंत चढलो, माझ्या ओरडण्यानं ठाण्यातला बंद पंखा दोनदा आपोआप सुरू झाल्याचं लोक शपथेवर सांगतात. पण त्या 'थप्प'समोर मी गप्प बसलो, तो आयुष्यातला एकमेव प्रसंग.

मे महिना होता. नागपूरच्या मे महिन्याबद्दल मी काय सांगू! ठाण्याच्या आवारात जीपच्या बोनेटवर मी स्वतः पापड भाजून खाल्ला आहे. पहिला जरा करपला, दुसरा बरा झाला. अशा भर दुपारी नंदनवनमधून एक नवरा-बायको फिर्याद द्यायला आले. नवरा साठीच्या पुढचा, सडपातळ, पायांत रबरी चपला. हिंगण्याच्या एका कारखान्यातल्या टूल रूममधून फोरमन म्हणून निवृत्त झालेला. नावं मी कुणाचीच घेणार नाही. आपण त्यांना काका म्हणू.

"साहेब, गाडी चोरीले गेली," काका म्हणाले.

"सायकल का मोटरसायकल?" मी विचारलं.

त्यांनी एका जर्मन कंपनीचं नाव घेतलं. माझ्या हातातला चहा बशीत सांडला. शहरातले मोठे सर्जन आणि बिल्डर ज्या गाडीतून उतरताना आधी इकडेतिकडे पाहतात, ती गाडी! आणि हा माणूस रबरी चपलांत!

दारासमोर उभी असलेली काळी गाडी दुपारी, दोघं जेवायला बसले असताना गेली होती. समोरच्या घराच्या कॅमेऱ्यात एक जण दिसला, पण तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. आता आमच्याकडे उन्हाळ्यात अर्धं शहर दुपट्टा बांधून फिरतं. चोर आणि कॉलेजची पोरगी यांत फरक करायला पायांकडे पाहावं लागतं. तो माणूस मात्र सरळ चालत आला, चावीनं गाडी उघडली आणि घेऊन गेला. काच फुटली नाही, भोंगा वाजला नाही.

"चाव्या किती?" मी विचारलं.

"एकच. घेतली तवाच दुसरी नव्हती. पहिल्या मालकानं हरवली म्हने."

"आणि ती एक आत्ता कुठे आहे?"

काकांनी खिशातून काढून टेबलावर ठेवली. झालं! माझ्यातल्या पोलिसानं तिथंच निकाल लावला. चावी खिशात, गाडी गायब, माणूस साधा. विमा लाटायचा डाव आहे हा. मी हवालदाराला म्हटलं, यांना आतल्या खोलीत बसवा.

काकांना मी तीन तास उलटसुलट विचारलं. कबूल करतो, ती माझ्या नोकरीतली सर्वांत लाजिरवाणी चौकशी होती. कारण तीन तासांनी गुन्हा कबूल करायच्या बेतात मी होतो, ते नव्हते.

"ही गाडी तुम्हाला परवडली कशी?" मी टेबलावर हात आपटला.

"नव्या लहान गाडीच्या भावात आली, साहेब. दहा वर्षं जुनी होती न."

"मग नवी लहान गाडी काहून नाही घेतली?"

या प्रश्नावर त्या माणसाचा चेहरा असा खुलला की मी त्यांना संशयित म्हणून बसवलंय हे आम्ही दोघंही विसरलो.

"साहेब, मी बत्तीस वर्षं लोखंड कापलं. माल चांगला का भंगार, हे मले हात लावल्याबरोबर समजते. नवी लहान गाडी म्हंजे पत्र्याचा डबा, वरून चमचम. अन् हे गाडी पाहा! दरवाज्याचा कब्जा, बिजागरी म्हना, पाहिला तं मी हात जोडले. ज्यानं तो बनवला तो माह्यासारखाच कोनी तरी असन, तिकडं जर्मनीत. नवी गाडी दुकानातून बाहेर निघाली का अर्धी किंमत रस्त्यावर सांडते. ते सांडवाचं काम पहिल्या मालकानं करून टाकलं. किंमत कमी झाली, साहेब. गाडी थोडीच कमी झाली?"

"आणि खराब झाली तर? त्या गाडीचा एक स्क्रू आणायला विमान लागतं!"

"काहून? हात हाय न माह्ये! दोन वर्षांत तिचा एकएक बुश मी स्वतः लेथवर काढला."

बाहेर बाकावर बसलेल्या काकू मग उठून दारात आल्या. बाई माझ्यापुढे उभी राहिली आणि आवाज न चढवता बोलली. "साहेब, गाडी गेली त गेली. पन मोहल्ल्यात लोक आतापासून म्हनून राहिले, का यायनंच लपवली. ज्या मानसानं कारखान्यातला एक खिळा घरी नाही आनला, त्याले तुमी चोर म्हनून बसवून ठेवलं. आता गाडी नाही भेटली, तं हे असेच चोर राहतीन."

काकूंनी माझ्यासमोर केस मांडली ती अशी. गाडीचा प्रश्न राहिलाच नव्हता. त्या माणसाची बत्तीस वर्षं माझ्या टेबलावर होती. मी एफआयआर नोंदवला, पण मनातला संशय काढला म्हणालो तर ते खोटं होईल. पोलिसाचा संशय शर्टावरच्या हळदीसारखा असतो, एका धुण्यात जात नाही.

तीन आठवडे आमच्या गुन्हे शोधणाऱ्या डीबी पथकानं शहर पालथं घातलं. मी खबऱ्यांना इतका चहा पाजला की आमच्या टपरीवाल्यानं त्यावर वरचा मजला चढवला. पत्ता लागला नाही. मग एका शनिवारी एक मावशी ठाण्यात आल्या. शनिमंदिरासमोर बसून लिंबू-मिरची विकायच्या. लिंबू, सात मिरच्या आणि बिब्बा, दोऱ्यात ओवलेला. त्यांच्या हातचं लिंबू बांधलं की गाडीला दृष्ट लागत नाही अशी ख्याती होती. ट्रकवाले भंडाऱ्याहून यायचे.

"साहेब, त्या नंदनवनवाल्या काकाची गाडी भेटली का?"

"नाही. का?"

"मी आत्ता तिले लिंबू बांधून आली न बाप्पा!"

मी खुर्चीतून इतका उंच उडालो की भिंतीवरचं कॅलेंडर डोक्याला लागलं.

"काळी गाडी?"

"काळी कायची? आता पांढरी झाली. नंबर बी दुसराच दिसून राहिला. पन हूक तोच हाय."

हुकाची गोष्ट अशी. सगळे लोक लिंबू-मिरची तारेनं समोरच्या जाळीला बांधतात. काकांनी गाडी घेतल्यावर पहिल्याच शनिवारी मावशींशी भांडण केलं, तारेनं माझ्या गाडीला ओरखडा पडते म्हणून. दुसऱ्या शनिवारी ते स्वतः बनवलेला पितळी हूक घेऊन आले. करंगळीएवढा, आरशासारखा चकचकीत, बंपरच्या खाली आतल्या बाजूला बसवलेला. दोरा अडकवायचा, ओरखडा नाही. असा हूक मावशींनी आयुष्यात दुसऱ्या गाडीला पाहिला नव्हता.

"गाडी घेऊन कोण आलं होतं?"

"तो हिंगणा रोडवरचा जुन्या गाड्याइवाला सेठ. दर शनवारी येगयेगळी गाडी आनते. कोनती बी गाडी इकली का पयले लिंबू माह्याच हातचं लागते त्याले."

आणि काकांनी दोन वर्षांपूर्वी गाडी घेतली होती ती याच सेठकडून.

आम्ही सेठकडे पोचेपर्यंत पांढरी गाडी कळमेश्वरच्या एका कारखानदाराला दिली गेली होती. गाडी, कारखानदार, त्याचा वकील आणि सेठ, सगळी वरात मी ठाण्याच्या आवारात आणली. सेठची कागदपत्रं म्हणजे लग्नपत्रिकेसारखी नीटनेटकी. गाडी पांढरीच, नोंद पांढरीच, चेसिस नंबर कागदाशी जुळणारा, गाडीच्या कॉम्प्युटरमधला नंबरही तोच. काका-काकूंना बोलावलं. काकूंनी पांढरा रंग पाहिला आणि पदर तोंडाला लावला.

काकांनी काहीच पाहिलं नाही. त्यांनी दरवाजा उघडला, डोळे मिटले आणि दरवाजा लावला. थप्प!

"माही हाय," ते म्हणाले.

वकील हसले. "साहेब, आता आवाजाचाही पंचनामा करणार का?"

त्यांचं बरोबर होतं. दरवाज्याचा आवाज मुद्देमालात जमा करता येत नाही. पण तेवढ्यात तपासणीच्या नावाखाली मी जरा आत बसून घेतलं. बाहेर लू वाहतेय, रस्त्यावर ट्रक बोंबलतायत, शेजारी लग्नाचा बँड वाजतोय. मी दरवाजा लावला आणि नागपूर बंद झालं. खरं सांगतो, त्या खुर्चीनं माझी कंबर अशी धरली की बावीस वर्षांचं दुखणं उतरून चालू लागलं. हवालदार काचेवर टकटक करत होता ते मला म्हणे सात मिनिटं ऐकूच आलं नाही. कारखानदारानं गाडी का घेतली, सेठनं का चोरली, काका तिच्यासाठी का झुरत होते, सगळा तपास मला त्या खुर्चीत उलगडला.

बाहेर येऊन मी दोन पंच बोलावले आणि काकांना बाजूला घेतलं. "त्या हुकावर काही खूण आहे?"

"मांगच्या बाजूले, साहेब. टूल रूमची सवय हाय. जो नग बनवला त्याच्यावर आपला टोकन नंबर ठोकल्याशिवाय हातातून सुटत नाही."

"कुणाला सांगू नका. कागदावर लिहा."

काकांनी नंबर लिहिला. मी पंचांच्या सह्या घेतल्या, कागद पाकिटात घालून लाख लावली. मग वकिलांना पंखा लावून दिला आणि पंचांसमोर बंपरखालचा हूक काढायला लावला. लिंबासकट.

"असले हूक बाजारात रुपयाला ढीगभर मिळतात," वकील म्हणाले.

"मग याच्या पाठीवर काहीच नसेल," मी म्हटलं आणि हूक उलटा केला. चार आकडे, ठसठशीत. पाकीट फोडलं. तेच चार आकडे. काकांनी खिशातून कारखान्याचं जुनं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यावरही तेच. वकिलांनी चष्मा पुसला, परत लावला आणि आपल्याच अशिलाला विचारलं, "तुम्ही गाडी घेतली कुणाकडून म्हणालात?"

सेठला आत नेलं. माझं ओरडणं मी त्या दिवशी वाया घालवलं नाही. नुसता हूक त्याच्यासमोर ठेवला.

"सेठ, रंग बदलला, पाटी बदलली, चेसिस नंबर घासून नवा बसवला, कॉम्प्युटर बदलला. एवढी अक्कल लावली. मग एवढासा हूक काहून नाही काढला?"

त्यानं लिंबाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "साहेब, दुसऱ्याचं लिंबू हो ते! त्याले कोन हात लावन? त्याची सारी पीडा आपल्यावर येते. मी पेंटरले म्हटलं होतं, का तू काढ. तो म्हने, मले लेकरंबाळं हायेत. मंग मावशीकडूनच उतरवून घेतलं अन् नवं तिथंच बांधलं. हूक लिंबाचाच होता, तं ठेवला."

माणूस गाडी चोरायला घाबरला नाही, लिंबाला घाबरला. पुढचं सगळं तो भाजीचे भाव सांगावेत तसं बोलून गेला. तो गाडी विकताना दुसरी चावी हरवली असं सांगून स्वतःजवळ ठेवायचा. वर्ष-दोन वर्षांनी त्याच चावीनं गाडी परत आणायची, अपघातात चक्काचूर झालेल्या तशाच गाडीचे कागद तिला चिकटवायचे आणि पुन्हा विकायची. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे आम्हाला झोपेतही पाठ असतं. पण त्यानं पंचांसमोर स्वतः काढून दिलेला चाव्यांचा डबा टिकला. त्यातली एक चावी मी त्या पांढऱ्या गाडीच्या दाराला लावली. उघडलं.

कोर्टानं गाडी सुपूर्दनाम्यावर काकांच्या ताब्यात दिली. त्याच दिवशी मी नंदनवनला त्यांच्या घरी गेलो, मुद्दाम वर्दीत, मुद्दाम भर दुपारी, जीपचा भोंगा वाजवत. सगळा मोहल्ला गॅलऱ्यांत आल्यावर रस्त्यात उभा राहून काकांना हात जोडले. "काका, माझं चुकलं." हे मात्र मी ओरडून म्हटलं. ओरडणं अशाच कामासाठी असतं.

काकू म्हणाल्या, "बरं बरं, उन्हात नोका उभे राहू. आत या, पन्हं घ्या."

आणि कळमेश्वरचा कारखानदार? तो आठवडाभरात काकांच्या दारात. "काका, तुमची ती तुम्हालाच लखलाभ. पण मले अशीच एक पाहून द्या न गा!" दोन दिवस त्या गाडीत बसला होता, त्याला आता दुसरी चालेना.

या केसनं मला शिकवलं ते साधं आहे. माणसाच्या पायांतली चप्पल पाहून त्याच्या दारातली गाडी ठरवू नये. पैसे मोजले की कुणीही पहिला मालक होतो. दहा वर्षांनी त्या गाडीची कदर करायला मात्र हात आणि कान लागतात. मी गुन्हेगारांचे डोळे वाचायला शिकलो होतो, प्रामाणिक माणसाची बोटं वाचायला काकांनी शिकवलं.

निवृत्त झालो तेव्हा मीही एक घेतली. नऊ वर्षं जुनी, जर्मनच. काकांनी त्याआधीच्या चार नापास केल्या. पाचवीखाली ते इतका वेळ झोपले की काकूंनी डबा तिथंच पाठवला. बाहेर आले ते एकच प्रश्न विचारत. "दुसरी चावी?" दोन्ही मिळाल्या. पुढच्या शनिवारी त्यांनी बंपरखाली पितळी हूक बसवला. मी तो आधी उलटा करून पाहिला. पाठीवर माझा शिपाई असतानाचा बक्कल नंबर ठोकला होता.

लिंबावर माझा विश्वास नाही. तरी गाडी घेऊन मंदिरासमोर गेलो. मावशींनी वाकून हूक पाहिला, दोरा अडकवला आणि म्हणाल्या, "जा आता बिनघोर, साहेब. चोरीले गेली तं मले सांगा."