ज्या सभेला मी ‘येते’ म्हणाले

आमचं शहर झालं त्याला आता वर्ष होत आलंय. त्याआधी आम्ही कुठेच नव्हतो. म्हणजे सिॲटलच्या उत्तरेला होतो, घर होतं, पत्त्यात शेजारच्या शहराचं नावही होतं. पण त्या शहराची हद्द आमच्या अलीकडच्या चौकातच संपायची. पुढे सगळा कारभार काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा. नागपूरला आईला हे फोनवर समजावताना माझ्या नाकी नऊ आले. “म्हणजे ग्रामपंचायत?” “नाही गं.” “नगरपालिका?” “तीही नाही.” “अगं बाई, मग नाली तुंबली तर भांडायचं कोणाशी?”

अगदी बरोबर विचारलं तिने. आमच्याकडे नाली नव्हती, रस्ता होता, आणि त्याला फूटपाथ नव्हता. पांढरी रेघ, रेघेपलीकडे चर. माझी सातवीतली मुलगी त्या रेघेवरून स्कूलबसच्या स्टॉपपर्यंत चालत जायची. एका सकाळी एका पिकअप ट्रकच्या आरशाने तिच्या दप्तराचा बंद तोडला. बंदच तोडला म्हणून मी आज हे लिहितेय. पोरगी हसत घरी आली. “आय ॲम फाइन, आई. डोन्ट मेक इट अ थिंग.” मी केलं ना! काउंटीला तीन पत्रं लिहिली. तिन्हींचं उत्तर एकच, आपली तक्रार नोंदवली आहे. मग काही शेजारी ‘आपलं वेगळं शहर करू, आपले रस्ते आपण बघू’ असा अर्ज घेऊन दारात आले, तेव्हा मी उंबऱ्यातच सही ठोकली. आत फोडणी जळाली.

सह्या जमल्या की आधी जाहीर सुनावणी, मग ‘हो’ की ‘नाही’ असं मतदान, असं ठरलं होतं. आमच्या भागातल्या मराठी मंडळींत दुसरा विषयच उरला नाही. निम्मे व्हिसावर, निम्मे ग्रीन कार्डच्या रांगेत. मत द्यायचा अधिकार बहुतेकांना नाही, पण मत नसलेला एकही माणूस सापडायचा नाही. नवरा पुण्याचा, त्याचं तर मागावंही लागत नाही. “यार, शहर म्हणजे कमिट्या, आणि कमिट्या म्हणजे तुझ्या मीटिंगा,” तो म्हणाला. आम्ही दोघं नुकतेच सिटिझन झालो होतो. माझं इथलं हे पहिलंच मत, आणि ते कोणत्या बाजूने द्यायचं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती कुंपणापलीकडे.

कुंपणापलीकडे मावशी राहायची. अमेरिकन, सत्तरी ओलांडलेली, एकटी. लग्न होऊन आली ती त्याच घरात. मागे चार शेळ्या, एक विहीर, आणि तिच्या नवऱ्याने स्वतः खणून घेतलेली सेप्टिक टाकी. मी तिला मावशी म्हणते याचा तिला कोण अभिमान! काही वर्षांपूर्वी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा नवरा व्हिसाच्या शिक्क्यासाठी मुंबईत अडकला होता. आठ दिवस मावशी आमच्या सोफ्यावर झोपली. मुलीची वेणी घालायला शिकली, वरणभाताला ‘व्हरन’ म्हणायला शिकली. सख्खी मावशी काय वेगळं करते?

तिला शहर नको होतं. शहर आलं की नियम येतील, शेळ्या जातील, टाकी बुजवून गटाराची लाइन घ्या म्हणतील, शेवटी घर बिल्डरला विकायला लावतील, ही तिची भीती. तसंच होईल असं कुणी सांगितलं नव्हतं, पण तसं होणार नाही असंही कुणी सांगत नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या कॅफेटेरियात जाहीर सुनावणी होती. मंगळवारी तिने मला पोर्चवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, “माझं ऐकून ऐकून लोक कंटाळलेत. तू बोल. तू नवी आहेस, तुला लहान मुलगी आहे, तुझं ऐकतील. आपण दोघी शेजारी बसू.”

अगं, मी विरुद्ध बाजूची आहे! हे एक वाक्य. मला म्हणता आलं नाही. तिच्या हातचा चहा पिताना तर नाहीच नाही. मी कप खाली ठेवला, शेळ्यांकडे बघितलं, काहीतरी पुटपुटले आणि उठले. उठताना सवयीने म्हणाले, “येते हं, मावशी.”

आता हे आपल्याला सांगायला नको. निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ते अशुभ. ‘येते’ म्हणतो आणि जातो. पण मावशीला हा शब्द मीच शिकवला होता. सोफ्यावरच्या त्या आठ दिवसांत तिने अर्थ विचारला, आणि मी ऐटीत सांगितलं होतं: येते म्हणजे आय ॲम कमिंग.

तिचा चेहरा असा खुलला की मला तिथेच कळायला हवं होतं. खरं सांगू? कळलं होतं. पायरीवर एक क्षण थांबले, वळून सांगावं असं वाटलं, आणि नाही सांगितलं.

गुरुवारी मी घरी बसून मटार सोलले.

काय झालं ते शुक्रवारी तिच्याच तोंडून ऐकलं. तिने शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा धरली होती. तिचं नाव पुकारलं तेव्हा तिने सांगितलं, माझी शेजारीण येतेय, तिच्यानंतर मी बोलेन. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हाही तेच. मग वेळ संपली. मावशी न बोलताच घरी आली.

“तू येते म्हणालीस ना?” तिने विचारलं. रागाने नाही, काळजीने. मुलगी आजारी पडली की काय, असं तिला वाटलं होतं. मी मेलीने काय करावं? तिला आपल्या रीतीवर व्याख्यान दिलं. आमच्यात असं असतं, निघताना तसंच म्हणतात, गैरसमज झाला. एवढ्या जुन्या रीतीच्या पदराआड लपले बघा. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “सॉरी. चूक माझी. मी नीट विचारायला हवं होतं.” तिने माझी माफी मागितली! मी ती घेतलीसुद्धा.

काही महिन्यांनी मतपत्रिका टपालाने आल्या. आमच्याकडे बूथ नाही. घरी खूण करायची, पाकीट चिकटवून सही करायची आणि लायब्ररीसमोरच्या पेटीत टाकायचं. मी डायनिंग टेबलावर ‘हो’चा गोल भरला. पोरीचं तुटलेलं दप्तर डोळ्यांसमोर होतं, आणि आजही मत तेच देईन.

पाकीट घेऊन गाडीकडे निघाले, तर मावशी कुंपणाशी उभी. तिचा गुडघा दुखत होता, गाडी चालवणं बंद होतं. तिने आपलं पाकीट माझ्या हातात दिलं. “एवढं टाकशील? म्हणजे आपली दोन झाली.”

आता माझ्या डाव्या हातात तिचं ‘नाही’ आणि उजव्या हातात माझं ‘हो’. मला रडू फुटलं. “मावशी,” मी म्हणाले, “माझं मत तुझ्या विरुद्ध आहे. पहिल्यापासून होतं. रस्त्यासाठी.”

पाकीट ती परत मागेल म्हणून मी हात पुढे केला. तिने ते घेतलं नाही.

“मत तुझं आहे,” ती म्हणाली. “पण हे त्या मंगळवारी सांगायचंस ना. मी तुझी वाट बघत बसले नसते. माझं मी बोलले असते.”