सोनूबाईंनी न घेतलेलं नाव

आमच्या वेसाव्यात सोनूबाईंच्या धवल्यांशिवाय हळद लागत नसे. धवलारीण म्हणजे लग्नाची गाणी गाऊन देवांना आणि गेलेल्या माणसांना मांडवात बोलावणारी बाई. शेजारी त्यांची जाऊ मंजुळा साथीला बसायची. भावकीतलं लग्न असलं की पूर्वजांमध्ये सोनूबाईंच्या नवऱ्याचं, चंदरचं नाव यायचं. तेव्हा त्या पाण्याचा पेला उचलायच्या आणि तेवढी ओळ मंजुळा म्हणायची. स्वतःच्या लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एरवी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही.

काही वर्षांपूर्वी गोरेगावच्या एका स्टुडिओतली माणसं नारळ-विडा घेऊन आली. कुणीतरी पढवूनच पाठवलं असणार. विडा पुढे आला की धवलारीण नाही म्हणत नाही आणि जास्त विचारतही नाही. सोनूबाई दिवसभर गायल्या, बोट दाखवलं तिथे सही केली. गाणी परंपरेची, म्हणून कुणाचीच नाहीत म्हणे. रेकॉर्डिंग कंपनीचं आणि आवाजही कंपनीचा. आता मोबाइलवर नावं टाका, सोनूबाईंच्या आवाजात धवले तयार.

कॉम्प्युटर उद्या काय काय करणार, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी आताशा ऐकून घेत नाही, थकलो. स्वतःच्या गळ्यावर हक्क उरत नसेल तर ती प्रगती ठेवा तुमच्याकडे.

यंदा सोनूबाईंच्या नातवाचं, कृणालचं लग्न निघालं. सोनूबाईंना दोन ओळींत धाप लागते. कृणालनं प्रेमापोटीच मोबाइलवर नावं टाकून धवले वाजवायचं ठरवलं, "आजी, तू नुसती बस ना. तुझाच आवाज आहे, टेन्शन काय?"

"वाजव बाबा," त्या म्हणाल्या. वाद घालायचंही त्राण नव्हतं.

हळदीला दोघी जावा नेहमीच्या जागी बसल्या. स्पीकरमधून दम न लागणारा आवाज निघाला. बायका खूश. सोनूबाईही मान डोलवत होत्या. देवांची नावं संपली, पूर्वजांची सुरू झाली. सवयीनं सोनूबाईंचा हात पेल्याकडे गेला, मंजुळानं तोंड उघडलं आणि तेवढ्यात सोनूबाईंचाच आवाज मांडवभर म्हणाला, "चंदर."

पेला ओठांपाशी तसाच राहिला. मला इतका राग आला की स्पीकरची वायर मीच उपटली.

कृणाल धावत आला. "आजी, सॉरी गं. कॉम्प्युटरला काय माहीत?"

"त्याला नाय रं," सोनूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुला तर माहीत व्हतं ना?"

सोनूबाई मंजुळाचा हात धरून उठल्या, मोरीपर्यंत गेल्या आणि पेल्यातल्या पाण्यानं त्यांनी पुन्हा पुन्हा चूळ भरली.