खे ची, खे न्यी

मोजताना कुणी मध्ये बोललं की माझं डोकं फिरतं. आणि ही बया समोरच्याच टेबलावर मोठ्याने मोजायची, "ची, न्यी, सुम..." बहरीनमध्ये, जुफैरच्या एका हॉटेलात, लाँड्रीमध्ये आम्ही दोघी टॉवेल मोजायला. मी वसईची, ती भूतानची. तिच्यामुळे माझे आकडे चुकायचे. शेवटी एकदा ओरडलेच, "अरे, मन में गिन ना!"

ती नुसती हसली. वीस झाले की म्हणायची "खे ची", म्हणजे एक वीस, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. चाळीस झाले की "खे न्यी". साठाला "खे सुम" ऐकलं आणि माझा हात थांबला. माझे बाबा नारळ असेच मोजायचे. साठ कधी म्हणायचे नाहीत, तीन विसा म्हणायचे. ते गेल्यापासून असं मोजणारं कुणी भेटलं नव्हतं, आणि भेटलं तर कुठे!

मग आम्ही एकत्रच मोजायला लागलो, तिच्या भाषेत. माझे आकडे शिकायला बसली होती, पण एकोणसत्तर, एकोणऐंशी ऐकून तिने हात जोडले. "दीदी, इतना कौन याद रखेगा?" आमची खोलीही एकच. माझा मुलगा फोनवर मराठी ऐकतो आणि उत्तर इंग्लिशमध्ये देतो. तोंडभरून बोलायला मला हीच काय ती होती.

आई आजारी म्हणून ती लीव्हवर गेली. लीव्ह संपली तरी आली नाही. सुपरवायझर तिच्या पलंगावर नवी मुलगी आणायला निघाला, तशी मी भांडले. येणार आहे ती, सामान दिसत नाही का तिचं?

दुपारच्या ब्रेकमध्ये मीच फोन लावला. आई बरी झाली होती, अंगणात संत्री मोजणं चाललं होतं. "कब आ रही है?" मी विचारलं. "रुको दीदी," म्हणाली, आणि घरच्यांच्या सुरात तीही मोजायला लागली. म्हातारीचा आवाज, पोरांचा, तिचा. वीस झाली तसे सगळे एकदम ओरडले आणि खो खो हसले. इतकी मोकळी हसताना मी तिला इथे एकदाही ऐकलं नव्हतं. मला तर ती पार विसरलीच.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मी फोन ठेवला आणि तशीच सुपरवायझरकडे गेले. म्हटलं, ती आता घरीच बरी आहे, तो पलंग द्या कुणालाही, तिचं सामान मी बांधते.