किल्ला पडेना, कारण शिरा

वैशालीताई सोनवणे यांचं नाव सगळ्यांत आधी. त्या नसत्या तर हे लिहायला मी न्यूझीलंडमध्ये उरलो नसतो, बार्शीला परत जाऊन लग्नाच्या मंडपामागे कांदे चिरत बसलो असतो. ताई मूळच्या पुण्याच्या, इथे ऑकलंडमध्ये पुलांच्या इंजिनिअर. मी आठवीत शाळा सोडलेला आचारी. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात कोथिंबिरीच्या ढिगाऱ्यापाशी मी एकटाच मराठीत पुटपुटत होतो, ते त्यांनी ऐकलं आणि ओळख झाली. आता घडलं ते सांगतो.

तीन वाजून गेले होते आणि किल्ला पडत नव्हता.

किल्ला म्हणजे मैदानात रचलेल्या गवताच्या गठ्ठ्यांची भिंत. दिवाळीत पोरं करतात तसाच, फक्त इथले मावळे मातीचे नव्हते, साठीच्या पुढचे होते. आत राजाची फौज, बाहेर पार्लमेंटची. फार पूर्वी इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी झाली, भाऊ भावावर उठला. त्यातल्या लढाया, सरदार आणि साधे शिपाई विसरले जाऊ नयेत म्हणून इथला एक क्लब वर्षातून एकदा तसे कपडे घालून लढतो. लढाई संपली की मेलेल्यांची नावं वाचतात. दोन्ही बाजूंच्या. ताई पार्लमेंटच्या कॅप्टन होत्या. पिसाची टोपी, कमरेला तलवार, पायात गमबूट.

यंदा कॉल्चेस्टर गावाचा वेढा होता. त्यात राजाची माणसं गावात अडकली. बाहेरून रसद तुटली. आतल्यांनी घोडे खाल्ले, मग कुत्री-मांजरं, आणि शेवटी भुकेने शरण आले.

जेवणाची ऑर्डर ताईंनी शब्द टाकून आम्हाला मिळवून दिली. मी माउंट रॉस्किलच्या एका टेकअवेमध्ये कामाला. मालक हरमीत पाजी. माझ्या कामाची मुदत संपत आलेली, आणि माझा व्हिसा त्या कामाला बांधलेला. पाजी म्हणाले होते, "दत्ता, ये ऑर्डर ठीक गया तो आगे का पक्का. गडबड हुई तो भाई, मैं भी क्या करूँ?" त्या रात्रीपासून मला झोप नव्हती.

मसालेभात, भरली वांगी, मठ्ठा आणि शिरा. टेकअवेमध्ये सगळं पोर्शनवर चालतं. म्हणजे एका डब्यात ठरलेल्या पळ्या, वर एक शीत नाही. आमचं शिक्षण उलटं. पंगतीत एक पान रिकामं दिसलं की आचाऱ्याची अब्रू गेली. पाहुणा "पुरे" म्हणाला की आणखी एक पळी वाढायची, कारण पहिलं "पुरे" कुणी मनापासून म्हणत नाही.

क्लबच्या व्यवस्थापक मार्गारेट, रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. सकाळीच मला बजावलं, "बाहेरच्या फौजेला आता नाश्ता. किल्ल्यातल्यांना फक्त पावाचा एकेक तुकडा. ते तीनला शरण येतील, मग नावं वाचू, मग सगळे एकत्र जेवू. पाचला मैदान रिकामं करून द्यायचंय." मी म्हणालो, "येस, मॅम." मला वाटलं, किल्ल्यातले घरून खाऊन आले असतील.

दुपारी पाव घेऊन आत गेलो तर काळीज हललं. वीसेक माणसं गवतावर आडवी. गाल काळवंडलेले, डोळ्यांखाली खड्डे. एक आजोबा भिंतीला टेकून कण्हत होते. त्यांनी माझ्या हातातला पाव बघितला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी काढलं. त्यांचा कमांडर कॉलिन, हा आठवडाभर प्लंबर असतो, तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मेट, दोन दिवस पोटात काही नाही." मेट म्हणजे दोस्त, इथे सगळ्यांनाच म्हणतात.

ती काजळी होती आणि ते आजोबा पूर्वी नाटकात काम करायचे, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की माझ्या तंबूत चार पातेली भरलेली आहेत आणि पन्नास पावलांवर म्हातारी माणसं उपाशी आहेत. आमच्याकडे असं पाहून जो पुढे जातो, त्याला पुढच्या जन्मीही पोळी मिळत नाही म्हणतात.

मी पातेल्यांचा गाडा मागच्या बाजूने आत नेला. सगळ्यांना ओळीने मांडी घालून बसवलं. गुडघे दुखणाऱ्यांना गठ्ठ्यांवर. वाढायला लागलो.

कॉलिन म्हणाला, "आपल्याला चालतं का हे?"

"हॅव, हॅव," मी म्हणालो.

शिऱ्याला सगळे भुलले. साजूक तूप, केळं, वेलची. आजोबा "नो, नो" म्हणत हात आडवा करायचे आणि मी हाताच्या बाजूने वाढायचो. शेवटी त्यांनी पट्टा सैल केला आणि "स्वीट ॲज!", म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास, म्हणून डोळे मिटले. मला फार बरं वाटलं.

तीन वाजता ढोल वाजला. ताई पुढे झाल्या, त्यांनी कागद उघडून दरडावलं, "भुकेने मरण्यापेक्षा शरण या!"

भिंतीवरून कॉलिनचं डोकं वर आलं. "कशाला? आमचं मस्त चाललंय!" मागून गाणं ऐकू आलं. कुणीतरी घोरतही होतं.

प्रेक्षक हसले. ताईंनी पुन्हा हाक दिली. या वेळी आतून नुसताच मोठा ढेकर आला. मार्गारेट घड्याळ बघायला लागल्या, मग त्यांनी फोन काढला. थोड्या वेळात माझा फोन वाजला. पाजी. "दत्ता, वो मैडम बोल रही है तूने उनका वॉर खराब कर दिया. क्या किया तूने?"

"पाजी, खाना खिलाया."

"किसको?"

"दुश्मन को."

पाजींनी फोन ठेवून दिला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

ताई तंबूत आल्या, टोपी काखेत. मी आधीच रडवेला झालो होतो.

"दत्ता, काय घातलंस त्यांना?"

"सगळंच, ताई. ते उपाशी होते हो."

"अरे, उपाशी असणं हेच त्यांचं आजचं काम होतं!"

"मग तुम्ही हल्ला करा ना."

"नाही करता येत. कॉल्चेस्टर हल्ल्याने पडलं नव्हतं, भुकेने पडलं. मार्गारेट जीव देतील, पण इतिहास बदलू देणार नाहीत. आणि ते शरण आल्याशिवाय नावं वाचता येत नाहीत. लोक वर्षभर त्यासाठी थांबतात." त्यांनी पातेल्याचं झाकण उचललं. "हे काय?"

"अर्धा शिरा आहे अजून."

ताई विचारात पडल्या, मग हसल्या. "हे किल्ल्यासमोर न्यायचं. आमच्या तोफेपाशी. आमच्या लोकांना वाढायचं, आणि आतून कुणी मागितलं तर नाही म्हणायचं."

"मी? जेवणाला नाही म्हणू?"

"तूच. मी म्हटलं तर ते ऐकणार नाहीत. जेवू घातल्यापासून तू त्यांचा माणूस आहेस."

तसं मी आयुष्यात केलं नव्हतं. पातेलं तोफेशेजारी ठेवलं, झाकण काढलं. वारा किल्ल्याकडेच होता. भिंतीवर एक डोकं दिसलं, मग पाच.

"मेट!" कॉलिन ओरडला. "ते पिवळं गोड! इकडे आण!"

"नाही," मी म्हणालो.

"एक चमचा!"

माझा हात आपोआप पळीकडे गेला. "दत्ता, हात!" ताई दबक्या आवाजात म्हणाल्या. मी हात मागे बांधले आणि पुन्हा म्हणालो, "शरण आल्याशिवाय नाही."

आत कुजबुज सुरू झाली. आधी आजोबा बाहेर आले, कागदी प्लेट घेऊन. त्यांच्यामागे आणखी तिघे. कॉलिन ओरडला, "गद्दार!" आणि मग स्वतःच गठ्ठ्यावरून उतरला. पांढरं निशाण सापडेना म्हणून माझा ॲप्रन मागून घेतला, काठीला बांधला. हळदीने तो पिवळाच होता. मार्गारेट म्हणाल्या, "चालेल."

मग नावं वाचली. सरदारांची आधी, मग शिपायांची. ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत त्यांच्यासाठी ढोल हळूहळू वाजवला. सगळे टोप्या काढून उभे. मघाशी कण्हण्याचं नाटक करणारे आजोबा आता काही करत नव्हते, नुसते उभे होते. कॉलिनच्या मिशीला शिरा लागला होता, कुणी हसलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की त्या गावात खरोखरच कुणीही गाडा घेऊन आलं नव्हतं.

उरलेलं सगळ्यांनी एकत्र खाल्लं आणि पाचला मैदान रिकामं झालं. मार्गारेटनी पाजींना फोन करून सांगितलं की पुढच्या वर्षीचं जेवणही आमच्याकडेच, अट एकच: आचाऱ्याने किल्ल्यात पाय ठेवायचा नाही. पाजींनी माझं काम पुढे चालू ठेवलं. म्हणाले, "तू पागल है, पर अच्छा पागल है."

मी शिकलो ते एवढंच. भुकेल्याला जरूर वाढावं, पण त्याआधी एकदा विचारून घ्यावं, त्याला कुणी ड्यूटीवर तर ठेवलं नाही ना.

ताई, तुमच्या आई पुण्यात विश्रांतवाडीला एकट्या असतात, आणि डब्याचं जेवण जात नाही म्हणून तुम्ही फोनवर काळजी करता, ते मी ऐकलंय. पहिली मोठी रजा मिळाली की बार्शीच्या आधी मी त्यांच्याकडे उतरणार. त्यांच्या स्वयंपाकघरात आठवडाभर त्यांना हवं ते रांधून घालणार. हा माझा शब्द.