शून्य सावलीचं पान

आमच्या आबांनी एका कॉलेजच्या पोराचं संशोधन उपटून फेकलं होतं.

खरंच उपटलं. काठीच होती ती, जमिनीत रोवलेली.

आज आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, जाऊन पस्तीस वर्षं झाली. कुरिअरवाल्याला ओटीपी सांगताना मी दोनदा विचार करतो, तो स्वभाव त्यांचाच.

गोष्ट त्यांच्या तरुणपणची, इंग्रजांच्या काळातली. आमचं गाव पवन मावळात. शाळामास्तरांचा लोणावळ्याचा भाचा पुण्यात बी.एस्सी. करत होता. त्याला ग्रहताऱ्यांवर संशोधन करायचं होतं, पण दुर्बीण कुठून आणणार? प्राध्यापक म्हणाले, नवशिक्याला झेपेल असा प्रोजेक्ट घे. रोज भरदुपारी काठीची सावली मोज.

पोरगा सुट्टीत मामाकडे आला आणि आमच्या मोकळ्या भातखाचरात काठी रोवून बसला. दोरीनं मोजायचा, वहीत लिहायचा.

आता, लोणावळ्याकडे धरणं झाली तेव्हा आधी अशीच माणसं आली होती. काठी, साखळी, वही. आणि मग पाणी. अख्ख्या मावळाला हे माहीत होतं.

आबांनी काठी उपटली.

“कुनाचा मानूस तू?”

“मास्तरांचा भाचा. भाऊ, मी सूर्याचा अभ्यास करतोय.”

“सूर्य वर हाय. तू खाली का बगतूस?”

खरं सांगतो, मलाही हा प्रश्न रास्त वाटतो.

पोरगा रडवेला झाला. “परवा दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येईल. काठीला सावलीच राहणार नाही. तेवढं माप घेऊ द्या, भाऊ. सगळा प्रोजेक्ट त्यावर आहे.”

आबा कबूल झाले. पण काठी आबांची, दोरी आबांची आणि ठोकणारेही आबाच!

मे महिन्याचं ऊन. तरी अर्धं गाव जमलं होतं. सावली आखडत आखडत काठीच्या बुडाशी गेली आणि गडप झाली.

पोरगा नाचायचाच बाकी होता. त्यानं घाईघाईनं वहीत लिहिलं.

“काय लिव्हलंस?”

“शून्य.”

“माझ्या रानात उभं राहून शून्य लिव्हतूस? उद्या सरकार म्हनंल, रानाची किंमत शून्य. फाड ते पान. आण हिकडं.”

आबांनी काठी पुन्हा उपटून हातात घेतली होती. पोरानं पान दिलं.

जागेवर लिहिलेल्या नोंदीशिवाय प्राध्यापक माप मानणार नव्हते, आणि असा दिवस पुन्हा थेट जुलैत येतो. जुलैत मावळात सूर्य कुणी पाहिलाय? पोरगा गेला तो परत आला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्याकडेही धरण झालंच. ते खाचर पाण्याखाली गेलं. मोजायला आलेल्यांपैकी एकानंही सूर्याचं नाव काढलं नाही.

शेवटच्या आजारपणात आबांनी मला ट्रंक उघडायला लावली. तळाशी ते पान जपून ठेवलेलं होतं.

“लय वंगाळ केलं मी. पान घिऊन बी रान गेलंच. पोराचं मातर उगं नुकसान केलं.”

आबांना रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

त्या पानाचा फोटो टाकतोय. पेन्सिलीनं लिहिलेलं गावाचं नाव, तारीख, आणि पुढे ‘सावली: शून्य’.

त्या पोराच्या घरचं कुणी हे वाचत असेल तर या. पान तुमचं आहे.

तुम्ही कोण, कुठले, हे मात्र आधी नीट विचारणार. त्याला इलाज नाही.

आबा, पान ज्याचं त्याच्या घरी पोचवतो. तुम्ही आता निवांत राहा.