बसून पळणारा ज्ञानू

गेल्या महिन्यात वडूजहून ज्ञानूच्या सुनेचा फोन आला. “मामंजी गेले,” ती म्हणाली. इकडे रहिमतपुरात मी दिवसकार्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली.

पासष्टच्या युद्धानंतरचे दिवस होते. सांगलीच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. ज्ञानदेव मेंढरं राखणाऱ्या घरातला, कॉलेजचं तोंड पाहणारा त्या घरातला पहिलाच. फुटबॉल त्यानं सांगलीला येऊन पाहिला आणि वर्षभरात संघात आला. अनवाणी खेळायचा. चेंडू त्याच्या पायाशी कळपातल्या कोकरासारखा चालायचा. साताऱ्याला सुटीवर आलेल्या फौजींशी सामना ठरला, तेव्हा आमचा कॅप्टन म्हणाला, “त्यांच्या पायात बूट आहेत. तूही घाल.” ज्ञानू म्हणाला, “बुटात चेंडू कळत न्हाई.” त्या दिवशी त्यानं चौघांना चुकवून मारलेला गोल अजून डोळ्यांसमोर आहे. नंतर चेंडूच्या झटापटीत एका जवानाचा बूट त्याच्या गुडघ्यावर बसला. तरी शिट्टी होईपर्यंत तो मैदानातून हलला नाही. मग त्याच जवानानं त्याला पाठीवर घेऊन डॉक्टरकडे नेलं.

गुडघा पुन्हा पुरता वाकलाच नाही. वडील न्यायला आले. “चल, मेंढरं हायतच,” म्हणाले. “आबा, येवढी परीक्षा हू द्या,” म्हणून तो राहिला. राहिला, पण बोलेना. मी तेव्हा कॉलेजच्या होडीत वल्हं मारायचो. संध्याकाळी तो घाटावर येऊन आमचा सराव बघत बसायचा. एक दिवस हळूच म्हणाला, “ह्यात बसून पळायचं असतंय व्हय रं?” होडीत एक जागा रिकामी होती, ती त्याला मिळाली. काय ते खांदे! दोन पावसाळ्यांत कृष्णेच्या काठावरचे जुने नावाडीसुद्धा आमची होडी निघाली की त्याच्याकडे कौतुकानं बोट दाखवायला लागले. होडीत मात्र तो कधी हसला नाही की बोलला नाही. मला वाटायचं, लक्ष किती आहे गड्याचं.

श्रावणातल्या शर्यतीला नदी दोन्ही काठ भरून गढूळ वाहत होती. आम्ही पुढं होतो. पुलाजवळ वाहत आलेल्या ओंडक्यावर माझं वल्हं आपटलं आणि मी उलटा पाण्यात गेलो. नाकातोंडात पाणी गेलं. वर आलो तर समोर वल्ह्याचं टोक, आणि त्यामागं कमरेपर्यंत होडीबाहेर लोंबकळणारा ज्ञानू. “धर! धर म्हंतो!” त्यानं मला ओढून घेतलं तोवर सगळ्या होड्या पुढं निघून गेल्या होत्या. आमचा नंबर शेवटचा आला.

काठावर कपडे पिळताना मी म्हणालो, “मला वाटलं, उडी मारशील.”

“उडी मारून काय करू गड्या? मला पवता येत न्हाई.”

दोन पावसाळे हा माणूस त्या पुरात रोज बसत होता!

“भीती नाही वाटली?”

“लय वाटायची. रोज.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं आसतं तर तुमी बसवलं आसतं व्हय?”

दुसऱ्या दिवशी सरावाला तो सगळ्यांच्या आधी होडीत जाऊन बसला होता. उन्हाळ्यात मी त्याला पोहायला शिकवलं, तेव्हा मात्र गुडघाभर पाण्यातसुद्धा तो लहान पोरासारखा ओरडायचा...

पुढं तो वडूजला मास्तर झाला. लंगडत लंगडत खडकाळ माळावर त्यानं पोरांना फुटबॉल शिकवला. आमच्या गाठी लग्नकार्यातच व्हायच्या, त्यामुळे त्याची घरातली एक रीत मला ठाऊक नव्हती. ती दिवसकार्याला गेलो तेव्हा कळली. त्याच्या खोलीतल्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन तळपायांचे काळपट ठसे होते. धडक्या पायाचा ठसा जास्त गडद. सून म्हणाली, “आवं, रोज सांजच्याला जमिनीवर बसून भिंतीला पाय लावायचे न् हात मागं-पुढं वडायचे. पोरं इचारायची, आजोबा, आज होडी कुठवर? कवा म्हणायचे औदुंबर, कवा हरिपूर.”

घराला नुकताच रंग दिलेला दिसत होता. तेवढी भिंत तिनं तशीच सोडली होती.